सुरीला पाणी कुणी दिलं

आबासाहेबाला तंबूंसाठी सुरी घ्यायची होती, आणि त्यापायी त्याने जेवढा घोळ घातला तेवढा स्वतःचं लग्न जमवतानाही घातला नव्हता. हे मी म्हणत नाही, त्याची बायको पुष्पावती म्हणायची.

धरणाच्या काठाला, शेंडी गावाच्या पुढे त्याची चार एकर खडकाळ जमीन. नाचणी-वरई पेरली तर पाखरांनी खाऊन उरेल तेवढी हाती यायची. पाच वर्षांमागे त्याने तिथे तंबू ठोकले आणि मुंबई-पुण्याची माणसं पैसे देऊन जमिनीवर झोपायला येऊ लागली. त्यांना लाकडं फोडायला, दोरी कापायला, धरणातला मासा साफ करायला सुरी लागायची. पहिल्या वर्षी त्याने घडीच्या सुऱ्या आणल्या. त्यातली एक लाकडात अडकली, ओढताना मिटली आणि स्वयंपाक्याच्या तीन बोटांवर बसली. तेव्हापासून त्याचं ठरलं: सुरी न मिटणारी पाहिजे, दणकट पाहिजे आणि स्वस्तातली पाहिजे. पाहुणे जाताना तंबूतला दिवासुद्धा पिशवीत घालतात, तिथे सुरी कुठली राहायला.

दसरा झाला आणि तो राजूरला आसाराम लोहाराच्या भट्टीवर आला. बाजारतळाच्या कडेला चार पत्रे उभे करून केलेली ती भट्टी. आसाराम साठीला टेकलेला, छातीने रुंद, पायाने किंचित फेंगडा. त्याची बायको बायडाबाई पस्तीस वर्षं त्याच्यासमोर उभी राहून घण मारत आलेली. तिचे खांदे बघून नवखं गिऱ्हाईक तिला जरा दबूनच बोलायचं.

आबासाहेबाने पिशवीतून दोन सुऱ्या काढल्या. "आसाराम, ह्या बघ. एक मोबाईलवरून मागवली, एक नगरहून आनली. मला तर काय कळंना झालंय."

आसारामने त्या हातात घेतल्या, पण बघितल्या नाहीत. अंगठा पात्यावरून मुठीकडे नेला, मूठ कानाशी धरून बोटाने टिचकी मारली. "ही काळी. मूठ पोकळ वाजती. पातं आत दोन पेरंच गेलंय. वरून टोला हानला की मूठ तुमच्या हातात ऱ्हाईल आन् पातं लाकडात."

"आन् ही?"

"ही चकचकीत. गंजायची न्हाई. पन एकदा धार गेली की दगडावर घासून मानूस झिजंल, ही न्हाई झिजायची."

आबासाहेब खूश झाला. बोटाच्या टिचकीवर सांगणारा माणूस त्याला कुठल्या मोबाईलवर भेटला नव्हता. "मग तूच कर की. लाकडावर आडवी ठिवून वरून दांडक्यानं हानली तरी मोडाया नको. ह्या पोरास्नी कुऱ्हाड देता येत न्हाई, पाय तोडून घेत्याल."

"ट्रकच्या कमानपाट्याची करतो. पातं मुठीतनं आरपार. मूठ बाभळीची."

"रविवारी एक करून आन. टिकली तर दोन डझन तुज्याकडनं. काठावरचे बाकीचे तंबूवालेबी तुज्याकडंच येत्याल."

तो गेला. बायडाबाई घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी होती. तिला आनंद झाला आणि धास्तीही वाटली, दोन्ही एकदम.

आनंदाचं कारण उघड होतं. भातकापणी तोंडावर आली की पूर्वी विळ्यांना दाते पाडून घ्यायला भट्टीपुढे रांग लागायची. आता तयार दात्यांचे विळे बाजारात पाटीत घालून विकतात, आणि मोडला की दुसरा घेतात. मुलगा सचिन नगरजवळच्या नागापूरला कारखान्यात मशिनीवर होता. दर महिन्याला फोनवर सांगायचा, बंद करा भट्टी, इकडं या. आसाराम म्हणायचा, "तितं यून मी काय करू? तुज्या खोलीच्या दारात बसून येनारीजानारी मानसं मोजू?" सुऱ्यांचं काम मिळालं तर हे वर्ष तरी तो लोहार म्हणून काढणार होता. नाही मिळालं तर त्याला न्यायला सचिन दिवाळीला येणारच होता.

आणि धास्तीचं कारण असं, की आसारामला तापलेल्या लोखंडाचा रंग दिसेनासा झाला होता.

लोहाराचं सगळं कसब पाण्यात असतं. ठोकून आकार कुणीही देईल. पण लोखंड नेमकं किती तापल्यावर पाण्यात बुडवायचं, ते रंगावर ठरतं. पिकल्या बोरासारखं लाल झालं की बुडवायचं. अलीकडे बुडवलं तर मऊ राहतं, पलीकडे गेलं तर काचेसारखं तुटतं. बुडवून झालं की विटेने घासून चकचकीत करायचं आणि निखाऱ्यावर हलकं शेकायचं. मग पात्यावर आधी पिवळट, मग गुळासारखा रंग चढतो. तिथे थांबायचं. एवढं केलं की धार टिकते आणि पातं मोडतही नाही.

आणि हे पाणी द्यायचं ते पुरुषाने. बाईने भाता फिरवावा, घण मारावा, कोळसा वाहावा, पण डोणीतल्या, भट्टीशेजारच्या त्या दगडी कुंडातल्या, पाण्यात लोखंड बुडवायचं नाही. बाईच्या हातचं पाणी फितूर होतं, असं आसारामची आई सांगायची, आणि तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. का, ते कुणीच कुणाला विचारलं नव्हतं.

दोन वर्षं बायडाबाईने एक युक्ती चालवली होती. आसाराम सांडशीत धरून लोखंड भट्टीत घालायचा, ती समोर उभी. रंग बरोबर आला की ती घण जमिनीवर टेकवायची. तो आवाज झाला की आसाराम लोखंड बाहेर काढून डोणीत घालायचा. त्याने कधी विचारलं नाही की तू नेमका तेव्हाच घण का टेकवतेस. तिनेही सांगितलं नाही. कुदळी, विळे, कुऱ्हाडी सगळं असं पार पडत होतं. लोक म्हणायचे, आसारामचं पाणी अजून तसंच हाय. तो मिशीत हसायचा, आणि तिला बरं वाटायचं.

पण सुरीचं तसं नव्हतं. वीतभर पातळ पातं, टोकाला लवकर तापतं, मुठीकडे उशिरा. आणि नंतरचा तो गुळाचा रंग. तो घण टेकवून कसा सांगणार?

शुक्रवारी दोघांनी सुरी घडवली. फार सुरेख उतरली. कमानपाट्याचा तुकडा तापवून तिने घण मारले, त्याने हातोडीने पाठ सरळ केली, पोटाला हलका बाक दिला. त्याचे हात अजून कुणाचे गुलाम नव्हते. दुपारी पाणी द्यायची वेळ आली. तिने घण टेकवला, त्याने पातं काढलं, पण काढताना जरा चाचपडला आणि टोक तेवढ्यात निवलं. डोणीत गेलं तेव्हा अर्धं पातं लाल आणि अर्धं काळवंडलेलं होतं. तिने बघितलं. तो म्हणाला, "झालं झकास," आणि निखाऱ्यावर शेकायला धरलं. रंग पिवळ्यावरून गुळावर, गुळावरून निळ्यावर गेला तरी तो धरूनच बसला होता.

जेवून तो लिंबाखाली आडवा झाला. बायडाबाई भट्टीशी आली. इकडेतिकडे बघितलं. तिने डोणीला हात जोडले, मनातल्या मनात सासूची, आत्याबाईंची, माफी मागितली आणि भाता फिरवला. सुरी पुन्हा तापवली, टोक निखाऱ्यातून वर काढून मुठीकडची बाजू आत ढकलली, सगळीकडे सारखं बोर पिकू दिलं आणि सरळ, उभी पाण्यात सोडली. विटेने घासली. शेकली. गुळाचा रंग आला तशी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा तिने पाणी दिलं होतं. हात जरासुद्धा हलला नाही. तिला वाटलं, हे तर मला येतंय की. तिने सुरी होती तिथे ठेवून दिली आणि भांडी घासायला गेली.

नवऱ्याला सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पस्तीस वर्षं ज्या माणसाला पाण्याचा मान दिला, त्याला कसं सांगणार, की तुमचं पाणी बिघडलं म्हणून मी दुसरं दिलं?

आणि तिकडे आसारामच्या मनातही तेच चाललं होतं. गेल्या शिमग्यात कमानपाटे आणायला म्हणून तो संगमनेरला गेला होता, तेव्हा एकटाच डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टर म्हणाले, जन्मभर भट्टीत बघून डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय. कडेकडेचं दिसेल, मधलं आता येणार नाही. चष्म्याने नाही, ऑपरेशननेही नाही. त्याने कागद तिथेच एसटी स्टँडवर फाडला, कमानपाटे खांद्यावर घेतले आणि घरी येऊन सांगितलं, लोखंड महागलंय.

शनिवारी पहाटे बायडाबाई हंडा घेऊन नळावर गेली. आसाराम उठला आणि कानस घेऊन सुरीपाशी बसला. डोळे गेले तरी कानस सांगते. ती पात्यावरून सटकली तर पातं कडक, चावली तर मऊ. त्याने धारेवरून कानस ओढली. ती किंचित चावली.

चांगल्या सुरीला कानस किंचित चावायलाच हवी, गुळाच्या रंगाची तीच तर खूण. हे आसारामला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याला काल आपण चाचपडलो ते आठवत होतं, आणि मनात भय बसलं की हातातलं ज्ञान पळून जातं. त्याला वाटलं, आपलं पाणी कच्चं राहिलं. रविवारी चार माणसांत सुरी वाकली तर तोंड कुठे लपवायचं? बायको येण्याआधी उरकावं म्हणून त्याने घाईघाईने भट्टी पेटवली, रंग अंदाजाने धरला आणि पातं डोणीत खुपसलं. पाणी फार मोठ्याने चरचरलं. शेकायचं त्याने दोन क्षणांत आटपलं, पुन्हा मऊ पडायला नको म्हणून. कानस लावली, ती काचेवरून सटकावी तशी सटकली. त्याचा जीव भांड्यात पडला.

बायडाबाई हंडा घेऊन आली तेव्हा तो मूठ बसवत होता.

"आज लई लवकर भट्टी पेटवली?" तिने विचारलं.

"मुठीसाठी खिळा तापवला," तो म्हणाला.

रविवारी दोघं काळीपिवळी जीपने शेंडीला आणि तिथून चालत काठावर गेली. आठ-दहा पाहुणे पोरं-पोरी खुर्च्या टाकून बसली होती. आबासाहेबाने परीक्षेचा मांडव घालायचाच बाकी ठेवला होता. मधे लाकडाचा ओंडका, शेजारी तिन्ही सुऱ्या.

आसारामच्या सुरीने दोरी एका ओढीत कापली. पुष्पावतीने त्याच सुरीने मासा चिरला आणि "ही मी घरातच ठिवीन," म्हणाली. बांबूच्या कामट्या निघाल्या, ढलप्या निघाल्या. पाहुणे हातात घेऊन बघत होते, काका तुम्ही बनवली का, म्हणत होते. आसाराम मान हलवत होता. बायडाबाई त्याच्या मागे उभी होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा पोरगा झाला तेव्हाही वाटला नव्हता. हे पाणी तिचं होतं.

"आता शेवटचं," आबासाहेब म्हणाला. त्याने बाभळीचा ढलपा ओंडक्यावर उभा केला, त्यावर सुरी आडवी ठेवून मूठ घट्ट धरली. "कुनीतरी दांडकं हाना."

"मी हानते," बायडाबाई म्हणाली. ती कधी न बोलवता पुढे होणारी बाई नव्हती. पण तिला खात्री होती. तिने पदर खोचला, दांडकं उचललं आणि घणासारखा एक टोला सुरीच्या पाठीवर घातला.

पातं मधोमध तुटलं. टोकाकडचा तुकडा आबासाहेबाच्या मनगटाला फाडून गवतात उडाला.

पुष्पावती धावत आली, पंच्याने मनगट आवळलं, पाहुण्यांतल्या एका मुलीने पेटीतून औषध काढलं. रक्त बरंच गेलं, पण शीर वाचली होती. बायडाबाईच्या हातात दांडकं तसंच राहिलं होतं. आसाराम गुडघ्यांवर बसून गवतात तुकडा शोधत होता. तुकडा त्याच्यापुढे हातभर अंतरावर उन्हात चमकत होता आणि तो दोन्ही तळवे भुईवरून फिरवत होता. पाहुणे बघत होते. शेवटी त्या मुलीनेच तो उचलला आणि "काका, हा घ्या," म्हणून हळूच त्याच्या हातावर ठेवला.

आबासाहेब रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आसाराम, मनाला लावून घिऊ नगं. लोखंडच जुनं आसंल." पुष्पावतीने चहा दिला, निघताना भाकरी आणि सुकट बांधून दिली. मोडलेली सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. ती पुडी बायडाबाईने कमरेला खोचली.

शेंडीच्या फाट्यावर दोघं कठड्यावर बसली. काळीपिवळीला अवकाश होता. दुपारचं ऊन धरणावर पसरलेलं. मग बायडाबाई बोलली.

"अवं, तुमच्याकडनं न्हाई झालं ते."

त्याने मान तिच्याकडे वळवली.

"शुकीरवारी तुमी झोपल्ता. तवा सुरीला मी पानी दिलं. तुमचं जरा... टोक निवलं हुतं, म्हनून. माज्या हातचं पानी, म्हनून मोडली. आत्याबाई सांगत हुत्या त्येच खरं झालं."

आसारामला सगळं एका क्षणात कळलं. कानस का चावली ते कळलं. बायकोने दिलेलं बरोबर पाणी आपण पुन्हा तापवून नासवलं, हे कळलं. आणि घण का टेकवला जायचा तेही, जे त्याला दोन वर्षं कळत होतं आणि त्याने कळू दिलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं, की बायडे, तुझी नव्हं, माझी मोडली.

"पान्याला हात लावला कशापायी?" तो म्हणाला. "बाईच्या जातीनं लावू न्हाई म्हनत्यात, ते काय उगंच?"

इथे आसाराम चुकला. भट्टीत चुकला ते डोळ्यांमुळे, त्याला माफी आहे. कठड्यावर तो धडधडीत उजेडात चुकला.

बायडाबाईने मान खाली घातली. "न्हाई लावायची आता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने डोणीतलं पाणी उपसून टाकलं, डोण घासली, नवं पाणी भरलं, नारळ फोडला. मग सचिनच्या जुन्या मोबाईलवरून पुष्पावतीला फोन लावला आणि सांगितलं, सुरी माज्या हातची हुती, ह्यांचा काई दोष न्हाई, त्यांच्या हातचं घ्या. तिने ते नवऱ्याचं काम वाचावं म्हणून सांगितलं. पण पुष्पावतीचं माहेर राजूरचंच, आणि बाजारतळापर्यंत गोष्ट यायला तिला फार पाय फुटावे लागले नाहीत. लोहारणीनं पानी दिलं आन् सुरी मोडली, मानूस मरता मरता वाचला.

चार दिवस गेले. आसाराम धड जेवत नव्हता. बायडाबाई घण मारायची, पण नजर भट्टीकडे न ठेवता खाली ठेवायची, आणि घण टेकवायची नाही. आपल्या बघण्यानेही पाणी बिघडतं की काय, असं तिला वाटायला लागलं होतं. त्या चार दिवसांत त्याने तीन विळे केले. कसे झाले ते देवाला माहीत.

आठवड्याच्या बाजाराला भिमाबाई आली. माळावरची म्हातारी, आसारामच्या बापापासूनचं गिऱ्हाईक. तिने विळे हातात घेतले, उलटेसुलटे केले. आजूबाजूला चार-पाच माणसं होती.

"आसाराम, इचारते म्हनून रागावू नगं," ती म्हणाली. "पानी कुनी दिलंया?"

बायडाबाई कोळशाची पाटी घेऊन उभी होती. तिनेच उत्तर दिलं. "त्यांनीच, मावशी. मी आता शिवत न्हाई."

किती साधेपणाने म्हणाली ती. जसं काही पस्तीस वर्षं कधी भट्टीपुढे उभीच नव्हती. आसारामच्या हातातली हातोडी ऐरणीवर आपसूक टेकली.

"मावशे," तो म्हणाला. "ती सुरी हिच्या हातानं न्हाई मोडली. हिनं चांगलं पानी दिल्तं. मी सकाळी उठून ते नासवलं. मला रंग दिसत न्हाई. शिमग्यात डाक्टरनं सांगितलंय, आता दिसायचाबी न्हाई."

भिमाबाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग विळ्यांकडे. "आरं द्येवा," ती म्हणाली. तिने तिन्ही विळे जपून खाली ठेवले. "मी येते जरा जाऊन." ती गेली ती तयार विळ्यांच्या पाटीकडे गेली. तिचा काय दोष? तिला भात कापायचं होतं.

बायडाबाईने पाटी खाली ठेवली. बाजार उठल्यावर, पत्रे ओढून घेताना म्हणाली, "डाक्टरकडं एकलंच गेल्ता?"

"व्हय."

"आन् रविवारी कठड्यावर बसलो हुतो, तवा ठाव हुतं तुमाला, कुनाची मोडली?"

"व्हय."

"मी डोन घासली. नारळ फोडला. मला वाटलं, ह्या हातानं आता पोराला जेवायबी वाढू न्हाई." तिचा आवाज चढला नाही. "डोळं गेलं त्याचं मला काई न्हाई वाटलं वो. दोन वरसं ठावंच हुतं. ह्याचं वाटलं."

"चुकलं," आसाराम म्हणाला. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच.

दोन दिवसांनी आबासाहेब आला. मनगटाला पट्टी, ती मळलेली. कुणी काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल, त्याने विषय काढला नाही. तो म्हणाला, "त्या काळ्या सुरीची मूठ परवा निघाली, तू म्हनला हुता तशी. दिवाळीचं पावनं आठ दिसावर आलं. दोघं मिळून आजून एक करा. मोडली तर मोडली, मग मी ती चकचकीत घिऊन टाकतो."

सुरी घडवायला अर्धा दिवस गेला. पहिलीपेक्षा काही कमी उतरली नाही. पाण्याची वेळ आली तसा आसाराम ऐरणीमागच्या आपल्या जागेवरून उठला. तिथली बसायची लाकडी घडवंची त्याच्या बापाच्या वेळची.

"तू बस," तो म्हणाला.

बायडाबाई बसली. सांडशी हातात घेतली, पातं निखाऱ्यात धरलं. पण ते नेमकं कुठे धरावं, हे हाताला ठरवता येईना. घण मारताना कधी न चुकलेला हात. तिने पातं बाहेर काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

"न्हाई जमत," ती म्हणाली.

"त्या दिशी कसं जमलं?"

"त्या दिशी मला कुनी काई म्हनलं नव्हतं. चार दिसांत हात भ्याला वो माजा."

आसाराम तिथेच उभा राहिला. त्याला तिच्या तोंडाच्या जागी नुसतं करडं दिसत होतं, कडेला पत्रा आणि लिंबाची फांदी स्वच्छ. त्याच्या मनात आलं की डोळे गेले ते नशिबाने गेले, पण हा हात मी घालवला. मग तो तिच्या शेजारी भुईवर बसला आणि सांडशी आपल्या हातात घेतली.

"मी बुडवतो," तो म्हणाला. "तू सांग. घण टेकवू नगं. तोंडानं सांग, मोठ्यानं, कोन ऐकतंय ते ऐकू दे. कसा हाय रंग?"

तिने नजर उचलून भट्टीत घातली. भाता फिरत होता, निखारे फुलत होते. बाजारतळावरून दोन माणसं जाताजाता थांबली.

"काळाच हाय," ती म्हणाली.

"आन् आता?"

"लाल व्हायलाय. टोकाकडनं. टोक वर घ्या. आजून. हां. आता मुठीकडनंबी आला."

"बोर पिकलं?"

तिने पदर डोळ्यांना लावला.

"बायडे, पिकलं का? काढू?"

तिने पदर काढला, पुन्हा लावला. "थांबा," ती म्हणाली. "मला दिसंना."

त्याने घाई केली नाही. पातं निखाऱ्यातून बाहेर काढलं आणि दोघांच्या मधे धरून ठेवलं. ते हळूहळू निवत गेलं आणि काळं पडलं.

"असू दे," आसाराम म्हणाला. "परत तापवू."